उणे एक्केचाळीस गॅलन

टॅलो काउंटीत विहिरीला पाणी किती लागलं हे विहीर ठरवत नाही, शेजारी ठरवतो.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या या डोंगरांत आमची 'स्टिगॉल बोअरवेल कंपनी' गेली बावन्न वर्षं बोअर मारते आहे. कंपनीत माणसं दोन. एक माझा मेहुणा डेलमर स्टिगॉल, जो मालक आहे. आणि दुसरा मी, हर्शेल, जो मालक नाही. खडकाला भोक पाडणं हे डेलमरचं काम. भोक पडलं की त्याचा अहवाल राजधानीतल्या भूजल कार्यालयाला पाठवणं हे माझं. लिहायला मी पन्नाशीत शिकलो. शिकल्या शिकल्या जे लिहिलं ते बहुतेक खोटं होतं, पण अक्षर चांगलं होतं.

त्या अहवालात एक रकाना असतो: 'दर मिनिटास मिळणारे पाणी (गॅलन)'. तो भरायची आमच्याकडची पद्धत ठरलेली आहे. यंत्र थांबतं, पाइपातून गढूळ पाणी उसळतं, घरातले लोक टाळ्या वाजवतात. मग विहिरीचा मालक मला बर्फ घातलेला चहा देतो, खांद्यावर हात टाकून जरा बाजूला घेतो आणि विचारतो, "शेजाऱ्याला किती लिहिलंयस?"

मी सांगतो. तो म्हणतो, "त्यात एक मिळव."

मी मिळवतो. यात कुणाचं नुकसान नसतं. रविवारी चर्चच्या जेवणात बटाट्याचं सॅलड वाढून घेताना विहिरीचा आकडा सांगावा लागतो, आणि तिथे कमी आकड्याच्या माणसाला कोंबडीची मान येते. त्यामुळे झालं असं की आमच्या रस्त्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाल तसं पाणी एकेक गॅलनने वाढत जातं. रस्त्याच्या टोकाला प्रिचेट राहतो. तिथे बेडूकसुद्धा राहायला तयार नाहीत. प्रिचेटच्या विहिरीला अधिकृत शहाण्णव गॅलन पाणी आहे.

भूजल कार्यालयाने दोनदा पत्र पाठवून काउंटीचं अभिनंदन केलं. तिसऱ्या पत्रात, एवढं पाणी असल्यामुळे आमचं नाव दुष्काळाच्या यादीतून कायमचं काढल्याचं कळवलं. तेव्हाही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ओलेटाबाई फॅरोंची विहीर आम्ही अठ्ठ्याण्णव साली मारली. खरं पाणी लागलं चार गॅलन. चार म्हणजे काही कमी नव्हे. मिनिटाला चार गॅलनवर एक बाई, एकतीस गाई आणि टोमॅटोचे दोन वाफे खुशाल जगतात. पण कुंपणापलीकडे वेंडेल टटल राहतो आणि टटलच्या अहवालात चाळीस होते.

"चाळीसच्या खाली थेंबभर जरी लिहिलंस ना हर्शेल, तर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवायचा नाही," ओलेटाबाई म्हणाल्या होत्या.

"मग चाळीस लिहू?"

"म्हणजे मी त्या टटलच्या बरोबरीची? एक्केचाळीस लिही, मेल्या."

लिहिले. टटलचे चाळीस म्हणजे खरे सहा, हे मला ठाऊक होतं. तेही मीच लिहिले होते.

या ऑगस्टमध्ये ओलेटाबाईंची विहीर आटली. डेलमरने दोरीला वजन बांधून आत सोडलं. वर आलं ते वजन कोरडं होतं आणि त्याला एक कोळी चिकटलेला होता.

"काय निघालं?" ओलेटाबाईंनी विचारलं. त्यांचं वय शहात्तर, आवाज चाळिशीतला.

"कोळी," डेलमर म्हणाला.

"दिसतोय मला. पाण्याचं विचारते."

"पाणी संपलं, बाई. इथून शंभर पावलांवर नवी बोअर मारू. तिथे खाली भेग असणार. एका दिवसाचं काम आहे."

"मग मार की. शनिवारी सकाळी नऊला गाई न्यायला लिलावाचा ट्रक येतोय. पाणी आणायची गाडी बसली माझी, गिअरच पडत नाही. ओढ्यात एक डबकं उरलंय, ते शनिवारपर्यंत पुरेल. पाणी नाही तर गाई नाहीत, आणि गाई नाहीत तर मी इथे राहून करू काय? टीव्ही बघू?"

या गाईंना त्यांनी चर्चमधल्या बायकांची नावं दिली होती. विचारलं तर नाही म्हणत. पण सर्वांत आडदांड गाईचं नाव लर्लीन होतं आणि टटलच्या बायकोचंही लर्लीनच होतं.

मी त्याच दिवशी नव्या बोअरचा अर्ज पाठवला. मंगळवारी सकाळी उत्तर आलं. पुरेसं पाणी देणारी विहीर असलेल्या जागेत दुसरी विहीर खोदता येत नाही. अर्जदाराच्या जागेत एक्केचाळीस गॅलनची विहीर असून ती अत्यंत समाधानकारक आहे. सबब अर्ज नामंजूर.

डेलमरने ओलेटाबाईंच्या घरातूनच फोन लावला. भूजल कार्यालयात कॉलिन हॅगर्टी नावाचे अधिकारी होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नसेल. ते काम ते नियमाला सांगत.

"साहेब, ती विहीर कोरडी आहे," डेलमर म्हणाला.

"वाईट वाटलं ऐकून. मात्र आमच्याकडे ती कोरडी नाही."

"मी आत्ता वाकून बघून आलो."

"आपण वाकून बघितलंत, याबद्दल कार्यालय आभारी आहे. आपण रीतसर चाचणी घेऊन नवा अहवाल पाठवू शकता."

"मग शून्य लिहून पाठवतो."

"अवश्य. एकाच कंपनीचे दोन अहवाल जुळले नाहीत, तर आम्ही त्यांची सरासरी काढतो. एक्केचाळीस आणि शून्य, म्हणजे साडेवीस. साडेवीस गॅलन पुष्कळच झालं. पुढची चाचणी एका वर्षानंतर घेता येईल."

डेलमरने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "हर्शेल, लेका, एक्केचाळीस कुणी लिहिले होते रे?"

"मी. तू सही केली होतीस."

त्याने हात काढला. "साहेब, मग कोरडी ठरायला काय आकडा लागेल?"

"मी आकडा सुचवू शकत नाही. ते नियमात बसत नाही." हॅगर्टी पुढे म्हणाले, "परंतु सरासरी शून्य यायची असेल, तर गणित कुणालाही करता येईल."

"उणे एक्केचाळीस?"

"हे आपण म्हणालात."

"विहिरीतून उणे एक्केचाळीस गॅलन पाणी कसं काढतात, साहेब?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "रकान्यात वजाबाकीची खूण करायला मनाई कुठे दिसत नाही. विहीर मिनिटाला एक्केचाळीस गॅलन देत असेल तर अधिक. घेत असेल तर उणे. चाचणी एक तास अखंड चालावी आणि अधिकारी हजर असावा. मी शुक्रवारी मोकळा आहे. शून्य आलं, तर कोरडेपणाचा दाखला आणि नव्या बोअरची परवानगी, दोन्ही जागेवर देईन. शून्यच यायला हवं मात्र. पाव गॅलन आलं तरी ती कोरडी म्हणता येणार नाही, ती गरीब म्हणावी लागेल. गरीब विहिरीसाठी वेगळा अर्ज आहे."

डेलमरने फोन खाली ठेवला. त्याचा चेहरा उजळला होता. बावन्न वर्षं जमिनीतून पाणी काढणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच पाणी जमिनीत घालायचं काम मिळालं होतं.

"एका तासाला किती लागेल?" ओलेटाबाईंनी विचारलं.

"दोन हजार चारशे साठ," मी म्हणालो. "आपल्या पाण्याच्या ट्रकमध्ये हजार मावतात. उरलेले चौदाशे साठ शेजाऱ्यांकडून घ्यावे लागतील."

"टटलकडे मी मागणार नाही."

"तुम्ही नका मागू. कंपनी मागेल. तांत्रिक कारणासाठी."

मी रस्त्यावर घरोघर गेलो. इतका उदार रस्ता तुम्ही पाहिला नसेल. "पाणी? अरे, ने की! आमच्याकडे वाया जातंय!" असं जो तो म्हणाला. टटलने दोनशे गॅलन कबूल केले, हे ऐकून पुढच्याने अडीचशे केले. प्रिचेटने तर तीनशेचा आकडा सांगताना जांभई दिली. मात्र पाणी आत्ता भरून न्यायला कुणीच तयार नव्हतं. शुक्रवारी सकाळी घरपोच आणून देऊ, असं सगळे म्हणाले.

आता आमच्या ट्रकमधलं पाणी कुठून येतं, हे सांगायला हरकत नाही. नदीपलीकडच्या काउंटीत रस्त्याला सार्वजनिक नळ आहे, तिथून. गुरुवारी सकाळी सहाला मी ट्रक घेऊन तिथे गेलो, तर नळापासून पुलापर्यंत रांग लागलेली. एकूण एक गाडी टॅलो काउंटीची. प्रत्येक गाडीच्या मागे टाकी आणि टाकीवर ताडपत्री.

माझ्या पुढेच टटल होता. मला बघून त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"काय टटल, इकडे कुठे?"

"मेहुणीकडे चाललोय."

"टाकी घेऊन?"

"तिला टाकी बघायची होती."

"आणि नळी?"

"नळी टाकीचीच आहे, हर्शेल. वेगळी करून कशी आणू?" त्याने आवाज खाली आणला. "तू काय करतोयस?"

"खडक धुवायला पाणी लागतं आम्हाला. धंद्याचं."

मागून प्रिचेट ओरडला, "अरे, पुढे सरका की! मी जून महिन्यापासून येतोय, एवढी रांग कधी बघितली नाही!" आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन त्याने गाडीची काच वर केली. रांगेत कुणी कुणाकडे बघेना. पण शिस्त फार चांगली होती.

शुक्रवारी सकाळी आठला सगळं पाणी ओलेटाबाईंच्या अंगणात हजर झालं. बघायला तेवीस माणसं जमली, त्यात खुद्द हॅगर्टी. त्यांचे बूट इतके स्वच्छ होते की कुत्रंसुद्धा जवळ जाईना. कुंपणाच्या आत, कोरड्या पत्र्याच्या हौदाभोवती एकतीस गाई उभ्या होत्या. टाक्यांमधलं पाणी हिंदकळलं की त्या एकदम हंबरत. हॅगर्टींनी अहवालाच्या 'अन्य निरीक्षणे' या रकान्यात 'आवाज' असं लिहिलं.

डेलमरने पाइप विहिरीत सोडला, त्यावर मीटर बसवला, घड्याळ हॅगर्टींच्या हातात दिलं आणि झडप उघडली.

मिनिटाला एक्केचाळीस. ना अधिक ना उणं. डेलमरचा हात झडपेवर आणि डोळे मीटरवर, जणू लहान मूल निजवतोय. विहीर गटागट पीत होती. चुनखडीचा फुटका खडक आमचा, त्याला काय! विसाव्या मिनिटाला टटल म्हणाला, "काय पिते ही!" आणि त्याच्या आवाजात मत्सर होता.

"माझी आहे," ओलेटाबाई म्हणाल्या. "पिणारच."

"माझी याहून जास्त पिईल."

"आधी तुझी कोरडी तर होऊ दे, मग बोल."

लर्लीन नावाची गाय कुंपणावर मान टाकून पाइपाकडे बघत होती. लर्लीन नावाची बाई तिच्या शेजारी उभी राहून तेच बघत होती.

चाळीस मिनिटं झाली. पन्नास झाली. शेवटची टाकी लावली प्रिचेटची. तीनशे कबूल केले होते, पण टाकी भलतीच हलकी वाटत होती. शेवटच्या मिनिटाला टाकीतून सूंऽऽ असा आवाज आला.

"प्रिचेट, किती भरलं होतंस?" डेलमर ओरडला.

"तीनशे! थोडं... वाटेत सांडलं असेल!"

"मीटर काय म्हणतो, हर्शेल?"

"दोन हजार चारशे एकोणचाळीस! एकवीस कमी आहेत!"

"पाइप रिकामा पडला तर चाचणी खंडित धरावी लागेल," हॅगर्टी हळहळून म्हणाले. "पुढची एका वर्षाने."

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. बायका घराकडे धावल्या. चर्चच्या बायकांनी सर्वांसाठी आणलेला चहाचा पिंप आला, तो टाकीत ओतला. लिंबू सरबताचे दोन घडे आले, ते ओतले. कुणी गाडीच्या रेडिएटरचं पाणी सोडून आणलं. ओलेटाबाईंनी लोणच्याची बरणी उपडी केली, काकड्यांसकट.

"साहेब, हे चालतं का?" मी मीटरवरून डोळे न काढता विचारलं.

हॅगर्टींनी एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने नियम उघडला. "'द्रव' असा शब्द आहे. काकडी धरता येणार नाही."

"बावन्न! त्रेपन्न! अठ्ठावन्न!" सगळे एका सुरात मोजू लागले. डेलमरने स्वतःच्या हातातला कॉफीचा थर्मास रिकामा केला. दोन हजार चारशे एकोणसाठ. टटलने चारी बाजूंना बघितलं, गाडीतून औषधासाठी जपून ठेवलेली मक्याच्या दारूची बाटली काढली, एकदा डोळे मिटले आणि ओतली.

दोन हजार चारशे साठ!

हॅगर्टींनी घड्याळ थांबवलं. आम्ही टोप्या उडवल्या. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. ओलेटाबाईंनी टटलची पाठ थोपटली आणि मग आपला हात नीट पुसून घेतला. हॅगर्टींनी तिथल्या तिथे सरासरी काढली, शून्य आलं, दाखला दिला, परवानगी दिली. मग त्यांनी एक तिसरा कागद काढला.

"एक छोटी औपचारिकता. दाखल्यामुळे या जागेत आता अधिकृतपणे पाणी नाही. अधिकृत पाणी नसलेल्या जागेत गुरं ठेवता येत नाहीत. ती आत्ताच हलवावी लागतील."

टोप्या खाली आल्या.

"काल नव्हतं का हलवायचं?" ओलेटाबाईंनी विचारलं.

"काल आपल्याकडे एक्केचाळीस गॅलन पाणी होतं."

"आणि हलवायची कुठे? उद्याच्या लिलावाला?"

"तसं नाही. सर्वांत जवळच्या, पुरेसं पाणी असलेल्या शेजाऱ्याकडे. नवी विहीर तयार होईपर्यंत त्याने सांभाळायची." हॅगर्टींनी यादीवरून बोट फिरवलं. "श्री. वेंडेल टटल. चाळीस गॅलन. अभिनंदन."

टटलचा चेहरा मी जवळून पाहिला. तेवीस माणसं आणि त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलेलं मला दिसलं, आणि परत जातानाही दिसलं.

"आनंदाने," टटल म्हणाला. "आमच्याकडे वायाच जातंय."

एकतीस गाई त्याच्या फाटकातून आत गेल्या. त्या दिवशी टटलने नदीपलीकडे तीन खेपा केल्या. संध्याकाळी पाचला तो आमच्या यंत्रापाशी येऊन उभा राहिला. त्याचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता.

"हर्शेल, दादा, तिची बोअर कधी होणार?"

"उद्या सुरू करू. नवाला."

"सहाला करा. मी येतो मदतीला. पाइप उचलतो. काही सांगा, करतो."

शनिवारी लिलावाचा ट्रक नऊला आला, ओलेटाबाईंचं रिकामं कुरण बघून गोंधळला आणि परत गेला. टटलने दिवसभर पाइप वाहिले. तीनशे बारा फुटांवर भेग लागली आणि पाणी उसळलं. आम्ही मोजलं. मिनिटाला चार गॅलन. टटल जमिनीवर बसला आणि सुटलो म्हणून चक्क रडला.

मी अहवाल काढला आणि ओलेटाबाईंना बाजूला घेतलं. "पाचच्या खाली असेल तर 'अपुरी' म्हणून बुजवावी लागते. तेव्हा पाचपासून पुढे सांगा. बेचाळीस लिहू?"

त्यांनी टटलकडे बघितलं. "पाच लिही."

"पाच? आणि उद्या चर्चमध्ये?"

"मान खाईन कोंबडीची. पुन्हा कोरडी पडली तर उणे पाचच ओतावे लागतील. तेवढी लोणच्याची बरणी असते माझ्याकडे."

रविवारी संध्याकाळी गाई परत आल्या. पत्र्याच्या हौदात नव्या विहिरीचं पाणी पडत होतं. आम्ही चौघे कुंपणाला टेकून त्यांना पिताना बघत होतो.

"हर्शेल," ओलेटाबाई म्हणाल्या, "परवा आपण त्या भोकात घातलं, ते पाणी या हौदात घातलं असतं तर गाईंना किती दिवस पुरलं असतं?"

मी मनात भागाकार केला. "पाच दिवस."

"म्हणजे ट्रक परत पाठवून, निवांत बसून, हवा तो अर्ज करता आला असता. तेवीस माणसं होतो आपण. एकाच्याही डोक्यात आलं नाही?"

डेलमर टोपी काढून आत बघू लागला.

"माझ्या आलं होतं," टटल हळूच म्हणाला. "पस्तिसाव्या मिनिटाला."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"एवढं छान चाललं होतं, ओलेटाबाई. मध्येच कसं बोलायचं?"

तुम्ही आता आम्हाला हसाल. खुशाल हसा. पण मी तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. गाई समोर उभ्या होत्या, हौद कोरडा होता, पाणी टाक्यांत होतं. सगळं तुम्हाला सांगितलं होतं. आणि तरी शेवटच्या मिनिटाला टाकीतून आवाज आला, तेव्हा तुम्ही काय बघत होता ते मला ठाऊक आहे. तुम्ही मीटर बघत होता.